मन ठिकाणावर असल्याचा दाखला

मनुष्याचे शरीर आणि त्याचे मन यांच्यामध्ये फार पूर्वीपासून एक अलिखित तहनामा अमलात आहे, आणि त्यातील कलमे उभय पक्षांस मान्य असल्यामुळे त्यावरून कधी कज्जा उद्भवल्याचे ऐकिवात नाही. या तहान्वये चालणे, चढणे, वाकणे, खाजवणे, जांभई देणे इत्यादी किरकोळ कारभार शरीराने आपल्या अखत्यारीत परस्पर उरकावा, आणि मनाने त्या अवधीत मुलखगिरीस निघून आजवर झालेले अपमान, न मिळालेल्या बढत्या, धाकट्या भावाने बळकावलेली गावाकडची पडवी आणि सकाळच्या चहात कमी पडलेली साखर या निकडीच्या प्रकरणांचा निकाल लावावा, अशी वाटणी ठरलेली आहे. महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाल्यापासून मी रोज सकाळी पर्वती चढत आलो आहे, आणि तिच्या त्या 103 पायऱ्या माझ्या पायांनी मला एका शब्दाने न विचारता चढून आणि उतरून दाखवल्या आहेत. देवदेवेश्वराच्या दारी पोचेतो मी धाकट्या भावाला निरुत्तर केलेले असे, आणि खाली उतरेतो तो माझी क्षमाही मागून गेलेला असे. इतका सुरळीत चाललेला कारभार मोडण्याचे कोणास काही कारण नव्हते. परंतु रक्तदाब थोडा वाढला, डॉक्टर तरुण निघाले, आणि त्यांनी जबानी घेतली.

"चालता ना रोज?"

"चालतो."

"चालताना लक्ष कुठे असतं?"

"धाकट्या भावाकडे," मी प्रामाणिकपणे सांगितले.

डॉक्टरांनी औषधाची मात्रा वाढवली आणि कागदाच्या तळाशी 'सजग व्यायाम' असा शेरा मारला. सूनबाईंनी तो वाचताच त्याच सायंकाळी वर्गाचे शुल्क भरून टाकले. "बाबा, तुम्ही चालता खरे, पण तिथे नसता," असे त्या म्हणाल्या. सौभाग्यवतींचा दृष्टिकोन अधिक व्यवहारी होता. "अहो, पैसे परत मिळत नाहीत म्हणे. तेव्हा आता मन लावून या."

वर्ग एका मंगल कार्यालयाच्या गच्चीवर भरे. शिकवणाऱ्या बाई तिशीच्या, वाणीने मृदू आणि हुकमाने कडक होत्या. प्रवेश घेतानाच प्रत्येकास एकाच छापाच्या काळ्या, कागदासारख्या पातळ तळव्यांच्या चपला विकत घ्याव्या लागल्या. जमिनीचा स्पर्श जाणवला पाहिजे, हे त्यामागचे तत्त्व होते, आणि पुण्याच्या रस्त्यांवरून घरी येईपर्यंत तो इतका जाणवला, की रात्री तेलाने पाय चोळावे लागले.

या विद्येचे मूळ पीठ अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथे असून जॉन कबाट-झिन नामक शास्त्रज्ञांनी 1979 साली दुखणाईतांसाठी तिचा रीतसर अभ्यासक्रम घालून दिला, असे बाईंनी आरंभी सांगितले. त्यांनी तो बौद्ध ध्यानमार्गावरून बेतला, म्हणजे माल मुळात इकडचाच होता. तो परदेशी जाऊन, जकात भरून, नव्या वेष्टनात परत आला, एवढेच. त्या अभ्यासक्रमाचा पहिला पाठ एक मनुका खाण्याचा असतो. मनुका तळहातावर घ्यायची, तिच्या सुरकुत्या पाहायच्या, तिचा गंध घ्यायचा, ती कानाशी नेऊन ऐकायची आणि सरतेशेवटी जिभेवर ठेवून दातांनी घाई न करता चावायची. सिद्धान्त मॅसॅच्युसेट्सचा असला तरी बेदाणा तासगावचा होता, आणि तासगावच्या बेदाण्याला इतक्या आदराने वागवण्याची आमच्यापैकी कोणाचीच सवय नव्हती. माझ्या शेजारी बसलेल्या निवृत्त अभियंत्यांनी तो सूचना पुरी होण्यापूर्वीच गिळला आणि हात पुढे करून विचारले, "पुढचा?" एका वृद्ध बाईंनी तो पदराच्या टोकाला बांधला, नातवासाठी. मी मात्र ताकीद शिरसावंद्य मानून तो कानाशी नेला, तेव्हा समोरच्या रांगेतील गृहस्थांनी, "काही म्हणतोय का?" असे हलक्या आवाजात विचारून माझी समाधी भंग केली.

मनुकेनंतर सूर्यनमस्कार आले, आणि येथे मला काहीशी उमेद वाटली, कारण हा विषय घरचा होता. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात नमस्कारांचा प्रसार व्रत म्हणून पत्करला, त्यावर पुस्तके लिहिली, आपल्या संस्थानातील शाळांतून पोरांना नमस्कार घालायला लावले, आणि नमस्कारांना बीजाक्षरांची व सूर्याच्या बारा नावांची जोड हवी, असा आग्रह धरला. त्या राजाला मनाची पुरती ओळख होती, असे माझे मत आहे. मनाला 'रिकामे बस' असे सांगितले, तर ते कोणत्याही कारकुनाप्रमाणे चहाला बाहेर जाणार, हे ओळखून त्याने त्याला सहा बीजाक्षरे आणि बारा नावे क्रमवार म्हणण्याच्या कामावर तैनात केले आणि वर गणतीची नोंदवहीही त्याच्याच हाती दिली. आता अशा कामगिरीवरील मन जाऊन जाऊन जाणार कोठे? जास्तीत जास्त शेजाऱ्याचे किती झाले हे पाहण्यापुरते.

परंतु आमच्या बाईंना नावे पुरेशी वाटत नव्हती. नाव उच्चारताना श्वास पाहायचा, श्वास पाहताना पाठीचा मणका न् मणका अनुभवायचा, आणि जे जे जाणवेल त्याच्याकडे प्रतिक्रिया न देता केवळ साक्षीभावाने बघायचे, असा त्यांचा दंडक होता. मंत्रही साष्टांग स्थितीत, कपाळ जमिनीला लावूनच म्हणायचा. गच्चीवर मुंग्यांची वहिवाट होती. पहिल्या काही नमस्कारांत काळ्या मुंग्या माझ्या मनगटावरून येरझारा घालीत होत्या आणि मी त्यांच्याकडे तटस्थपणे पाहत होतो. इतक्या तटस्थपणे, की आपण बरीच प्रगती केली, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. सहाव्या नमस्काराला लाल मुंगी आली. सहाव्या नमस्काराचे बीजाक्षर 'ह्रः' असे आहे. ते माझ्या मुखातून ज्या नाभीपासूनच्या तळमळीने बाहेर पडले, ती ऐकून बाईंनी सर्वांना थांबवले आणि म्हणाल्या, "काकांचा उच्चार ऐकलात? असा आतून आला पाहिजे."

शवासनाचा प्रकार त्याहून निराळा. उजव्या पायाच्या अंगठ्यापासून आरंभ करून एकेका अवयवापाशी मन न्यायचे, त्याची विचारपूस करायची आणि पुढे जायचे, अशी ती फिरती तपासणी होती. विचार आले तर येऊ द्या आणि जाऊ द्या, असे बाई म्हणत. माझे विचार येत मात्र नेमाने, पण आले की अर्जदारासारखे बाकावर बैठक मारून बसत आणि निकाल लागल्यावाचून उठायला तयार नसत. अभियंत्यांची तपासणी सहसा गुडघ्याच्या पुढे सरकत नसे. तेथून पुढे त्यांचे घोरणे सुरू होई, आणि त्या घोरण्याचेही साक्षीभावाने श्रवण करण्याची आम्हांस आज्ञा होती. वर्गात परिपूर्ण विश्रांती कोणाला साधली असेल तर ती त्यांना, असे मी बाईंना सुचवून पाहिले. त्या हसल्या नाहीत.

त्यानंतर एका रविवारी सगळ्या वर्गाला पर्वतीच्या पायथ्याशी हजर राहण्याचे फर्मान निघाले. 'सजग आरोहण' असे त्या कार्यक्रमाचे नाव होते. टाच उचलल्याची जाणीव, पाऊल हवेत असल्याची जाणीव, तळवा टेकल्याची जाणीव, भार सरकल्याची जाणीव, अशा चार जाणिवा झाल्याखेरीज दुसरे पाऊल उचलायचे नाही. दृष्टी दोन हातांच्या अंतरावर जमिनीवर ठेवायची. आणि वरपर्यंत कोणी एक शब्द बोलायचा नाही. मी पहिल्या पायरीपाशी उभा राहिलो आणि ज्या पायांनी मला आजवर बिनतक्रार वर नेले होते त्यांना प्रथमच विचारले, की आपण हे नेमके कसे करता? मामलेदार अचानक तपासणीस यावेत आणि वर्षानुवर्षे डोळे मिटून खतावणी लिहिणाऱ्या तलाठ्याला समोर बसून एक नोंद करून दाखवायला सांगावे, तसा प्रकार झाला. उजव्या पायाने डाव्याकडे पाहिले, डाव्याने उजव्याकडे, आणि शेवटी दोघेही एकाच वेळी खुलासा द्यायला पुढे सरसावल्यामुळे मला कठडा धरावा लागला.

वीसेक प्रौढ स्त्रीपुरुष माना खाली घालून, मूकपणे, तसूतसूने पायऱ्या चढत आहेत, हे दृश्य रोजच्या मंडळींनी पूर्वी पाहिलेले नव्हते. पूजेचे तबक घेऊन निघालेल्या एका बाईंनी कनवाळूपणे विचारले, "काय हरवलंय हो?" आम्ही मौनात होतो. उत्तर न आल्यामुळे त्यांनी आमच्या चेहऱ्यांवरून अंदाज बांधला आणि मागून येणाऱ्या बाईंना सांगितले, "मंगळसूत्र असणार, बोलवतसुद्धा नाहीये त्यांना." मग एका विद्यार्थ्याने भर उन्हात मोबाईलचा दिवा लावून पायऱ्यांच्या फटी तपासायला आरंभ केला, दोन मुले कठड्याखालच्या झुडपांत शिरली, आणि पोलीस खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आपण होऊन प्रकरणाची सूत्रे हाती घेऊन अभियंत्यांसमोर उभे राहिले.

"कधीपासून दिसत नाही?"

अभियंत्यांनी मौन न मोडता, आपले मन या क्षणी येथेच आहे अशा अर्थाने, छातीवर हात ठेवला.

"गळ्यातलं होतं, बरं का!" गृहस्थांनी वरच्या टप्प्यावर ललकारी दिली.

पाव तासाच्या आत पर्वतीचा चढ पूर्णतः बंद पडला. धावणारे थांबले, उतरणारे वाकले, आणि प्रत्येक जण आपल्या पायाखालची पायरी इतक्या निष्ठेने न्याहाळू लागला, की डोळ्यांची पापणी लवत नव्हती, श्वास आपोआप मंदावला होता, आणि घरचे, दारचे, देशाचे कोणतेही विचार त्यांच्यापैकी कोणाच्याही मनाला त्या वेळी शिवत नसावेत. आमच्या बाई ज्या अवस्थेसाठी वर्गात आम्हांपुढे कंठशोष करीत असत, ती त्या अनोळखी लोकांना शुल्कावाचून प्राप्त झाली होती, कारण सोने सापडण्याचा संभव होता. आणि ते सापडलेही! तबकवाल्या बाईंना एका फटीत कानातली जुनी कुडी मिळाली. तिच्यावर लागलीच दोन बायकांनी हक्क सांगितला, त्यांतील एकीच्या दोन्ही कानांत कुड्या असल्याचे विद्यार्थ्याने दाखवून दिले, आणि निवृत्त पोलिसांनी मागील बाजू कोरी असलेली पावती मागून पंचनाम्याला सुरुवात केली. तेव्हा बाईंना मौन सोडणे भाग पडले.

"आमचं काहीच हरवलेलं नाही. आम्ही नुसतं चालतोय."

"मग इतक्या हळू का?"

"चालण्याचा अनुभव घेतोय."

पोलिसांनी आमच्या पांढऱ्या केसांवरून एक दृष्टी फिरवली. "या वयात?" ते म्हणाले, आणि पंच म्हणून माझी सही घेतली.

अभियंत्यांविषयी येथे थोडे अधिक सांगणे प्राप्त आहे, कारण या मार्गात ते आम्हां सर्वांना वडील होते. इगतपुरीच्या धम्मगिरीवर त्यांनी दहा दिवसांचे शिबिर केलेले होते. तेथे पहाटे चारला उठावे लागते, आर्य मौन पाळावे लागते, आणि त्या दहा दिवसांत चालण्यापलीकडे कोणताही व्यायाम करू नये असा नियम आहे. म्हणजे ध्यान करताना ध्यानच करावे, असे म्हणणारी माणसे अजून शिल्लक आहेत. त्या मौनातून परतल्यावर अभियंत्यांनी मौनाच्या लाभांविषयी बोलण्यास जो प्रारंभ केला, तो आमच्या इमारतीत तूर्त तरी बंद झालेला नाही. शिवाय त्यांच्या मनगटावर मुलाने परदेशातून पाठवलेले एक घड्याळ आहे. ते पावले मोजते, नाडी पाहते आणि अधूनमधून कुरकुरून 'दीर्घ श्वास घ्या' अशी सूचना देते. आमच्या परिचयातील एका वृद्धाच्या अंत्ययात्रेत, सर्वजण तिरडीभोवती निःशब्द उभे असताना, त्याने ही सूचना दिली आणि अभियंत्यांनी ती सवयीने मोठ्याने वाचली. ज्याला त्या सूचनेचा खरा उपयोग झाला असता, तो ऐकण्याच्या पलीकडे गेलेला होता.

रोज दहा हजार पावले हा त्या घड्याळाचा तगादा. हा आकडा एखाद्या वैद्यकीय संहितेतून आला असावा, अशी माझी भाबडी समजूत होती. वस्तुतः 1965 साली जपानात विकायला आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातच दहा हजारांचा आकडा होता आणि पुढे तोच शास्त्र म्हणून रूढ झाला. अभियंत्यांचा आकडा दिवसेंदिवस पुरा होत नसे, आणि वर्गाच्या हजेरीपत्रकात पावलांची नोंद सक्तीची होती, म्हणून त्यांनी एके दिवशी ते घड्याळ आपल्या घरी धुण्याभांड्यांना येणाऱ्या बाईंच्या मनगटावर बांधले. चार घरांची कामे करून त्या अकरा वाजण्यापूर्वीच परत आल्या, तेव्हा दहा हजारांचा टप्पा मागे पडून घड्याळाने आपणहून अभिनंदनाचे फटाके उडवले होते. "हे सारखं थरथरतं, दादा," असे म्हणून त्यांनी ते काढून दिले. "कपबशी फुटली असती." त्या आठवड्यात अभियंत्यांचा वर्गात पहिला क्रमांक आला.

मल्लविद्येतील सजगता प्रत्यक्ष पाहावी म्हणून बाईंनी आम्हांला पेठेतील एका जुन्या तालमीतही नेले होते. तेल, ताक आणि हळद जिरवलेली ती लाल माती, कोपऱ्यातील करेल, भिंतीवरचा मारुती आणि या सर्वांवर हुकमत चालवणारे सत्तरीचे वस्ताद. बाईंनी हात जोडून विचारले, "वस्ताद, कुस्ती खेळताना मन कुठे ठेवायचं असतं?"

"मन होय?" वस्ताद म्हणाले. "ते बाहेर चपलांजवळ ठेवून यायचं."

अभियंत्यांना हे उत्तर शास्त्रशुद्ध वाटले नाही. त्यांनी साक्षीभाव, क्षणस्थता आणि आनापान यांवर एक छोटे व्याख्यान दिले, वस्तादांनी ते मान डोलवत ऐकून घेतले आणि नम्रपणे म्हणाले, "साहेब, जरा हात द्या बघू." साहेबांनी हात दिला. पुढच्या क्षणी त्यांची पाठ मातीला आणि दृष्टी आढ्याला लागलेली होती. एवढ्या अवधीत त्यांचे चित्त अन्यत्र कोठेही गेले नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो. वस्तादांनी त्यांना उठवले, पाठीवरची माती झटकली आणि खुराकातले चार बदाम हातावर ठेवले. ते त्यांनी एकेक करून, सावकाश चावून खाल्ले.

त्या प्रसंगानंतर मी घरी थोडे ग्रंथावलोकन केले. लोणावळ्यात 1924 साली कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी उड्डियान आणि नौली यांना क्ष-किरणांपुढे आणि दाबमापक यंत्रांपुढे उभे करून पोटात नेमके काय घडते याचा छडा लावला, आणि 'योगमीमांसा' या त्रैमासिकातून ते प्रसिद्ध केले. मन कोठे होते हे मात्र कोणत्याही छायाचित्रात उमटत नाही, हे पाहून मला धीर आला. पतंजलींचे तर मला विशेष कौतुक वाटले. ज्या आसनांवर आज भिंतभर तक्ते निघतात त्यांच्यासाठी त्या मुनींनी अवघी तीन सूत्रे खर्च केली आहेत, आणि त्यांतील एका सूत्रात प्रयत्न सैल सोडला म्हणजे आसन साधते, असा अभिप्राय आहे. सौभाग्यवतींना मी तो वाचून दाखवला. "मग तुम्ही जन्मापासूनच सिद्ध आहात," त्या म्हणाल्या, आणि दळण आणण्याची आठवण केली.

वर्गाची मुदत संपली तेव्हा गच्चीखालच्या दालनात समारोपाचा समारंभ झाला. मन वर्तमानात ठेवण्याचे शिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण केल्याचा छापील दाखला प्रत्येकास देण्यात आला. प्रमुख पाहुणे एक प्रतिष्ठित वक्ते होते; त्यांनी आमच्या वर्गाचे नाव दोनदा चुकवले, पण पाहुण्यांस वर्तमानात राहण्याची अट नव्हती. अभियंत्यांना 'सर्वाधिक सजग साधक' हा करंडक मिळाला आणि तो घेताना त्यांनी डोळे मिटून घेतल्यामुळे छायाचित्र दोनदा घ्यावे लागले. त्यानंतर बाईंनी शेवटचे ध्यान घेतले. विषय अर्थातच पाऊल हा होता. घरी जाताना प्रत्येक पाऊल जणू पहिलेच आहे असे टाकत जा, असे त्यांनी भरल्या गळ्याने सांगितले, आणि पोह्यांच्या बशा फिरल्या.

मी कारकुनी शिरस्त्याप्रमाणे दाखल्यावरील नावातील ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त करवून घेण्यासाठी मागे थांबलो होतो. बाहेर आलो तेव्हा सर्व मंडळी निघून गेली होती, आणि पायपुसण्याजवळ त्या एकाच छापाच्या काळ्या चपलांपैकी दोन उरल्या होत्या. दोन्ही डाव्या पायांच्या. मी बाईंना दूरध्वनी केला.

"काका, चिडू नका," त्या म्हणाल्या. "फक्त बघा त्यांच्याकडे."

बघितले. त्याने काही फरक पडला नाही, म्हणून एक नेहमीप्रमाणे आणि दुसरी आडवी धरून, कडेकडेने घरी आलो. दुसऱ्या दिवशी बाईंनी सर्व साधकांना ताकीदवजा निरोप पाठवला, चौकशी केली, प्रत्येकाकडून आपापल्या पायांची खातरजमा करून घेतली. सर्वांनी, अभियंत्यांनी तर लेखी, सर्व काही ठीक असल्याचे कळवले. या गोष्टीला आता बरेच दिवस लोटले. ज्याच्या पायांत दोन उजव्या चपला आहेत, त्याची तक्रार अद्याप आलेली नाही.